‘गळती थांबवली नाही, वर व्हिजिटचे पैसे घेतले’ या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

बाकीचं नंतर बोलू. आधी गिझरचा एमसीबी (बोर्डावरचा वीज तोडणारा स्विच) बंद करा आणि तूर्त चालू करू नका. रिव्ह्यूबरोबर तुम्ही टाकलेल्या फोटोत, थंड पाण्याच्या निपलवर (पाइप जोडायच्या तोंडावर) बसवलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या, म्हणजे जादा दाब बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, तोंडात पितळी प्लग आवळलेला स्वच्छ दिसतोय. तुमची गळती २०० रुपयांत थांबली ती त्या प्लगमुळे. व्हॉल्व्हचं तोंड मोकळं होईपर्यंत पाणी तापवण्याची दुसरी काहीतरी सोय बघा.

आता तुमची तक्रार. तुम्ही म्हणता, गिझर खालून ठिबकत होता, आमच्याकडे कामाला असलेला मुलगा तासभर कपडा फिरवत बसला, दुरुस्ती काहीच केली नाही, ‘टाकी गेली’ म्हणून सांगितलं आणि ३५० रुपये घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या प्लंबरने २०० रुपयांत गळती बंद केली. म्हणून एक स्टार आणि ‘लुबाडतात’.

तो कपडा फिरवत होता, तेच त्याचं काम होतं. गिझरला पाणी कुठूनही सुटलं तरी ते पत्र्याच्या आतून ओघळत येतं आणि सगळ्यात खालच्या जागी थेंब धरतं. थेंब जिथे पडतो तिथे पाना लावून उपयोग नसतो. म्हणून आधी सगळं कोरडं करायचं, गरम-थंड दोन्ही निपल, कॉइलचा फ्लँज (कॉइल जिथे बोल्टने बसवलेली असते ते झाकण) आणि व्हॉल्व्ह यांना वेगवेगळा टिश्यू गुंडाळायचा, आणि कोणता आधी भिजतो ते बघत बसायचं. तेही दोनदा, एकदा मशीन बंद ठेवून आणि एकदा तापवून. पंचवीस लिटरचा दोन किलोवॅटचा गिझर तापायलाच अर्धा-पाऊण तास जातो. तासभर लागला तो असा.

त्याच्या जॉबकार्डवर (पाहणीत काय आढळलं ते लिहितो त्या कागदावर) दोन नोंदी आहेत, आणि घोटाळा नेमका इथेच झालाय. तुम्हाला एकच गळती दिसत होती, प्रत्यक्षात दोन होत्या.

पहिली सेफ्टी व्हॉल्व्हची. पाणी तापत असताना तो ठिबकत होता, स्वच्छ पाणी, तापणं थांबलं की बंद. हा बिघाडच नाही. पाणी २० अंशांवरून ७० अंशांपर्यंत तापलं की साधारण २ टक्के फुगतं, म्हणजे २५ लिटरला अर्धा लिटर. या व्हॉल्व्हमध्येच नॉन-रिटर्न (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) असल्यामुळे ते जादा पाणी मागे गच्चीवरच्या टाकीत जाऊ शकत नाही, म्हणून दाब वाढला की व्हॉल्व्ह ते बाहेर सोडतो. त्याला एक बारीक नळी लावून मोरीत सोडली की झालं. तसं आमच्या मुलाने सांगितलं होतं.

दुसरी गळती मशीन बंद आणि पाणी थंड असतानाही चालू होती, अगदी थोडी. निपल कोरडे, फ्लँज कोरडा, आणि खालच्या झाकणाच्या भोकातून तांबूस पाणी. रंगावरून बरंच कळतं. हिरवट डाग असेल तर पितळ किंवा तांबं खराब होतंय, पांढरी पापडी म्हणजे क्षार, आणि तांबूस म्हणजे लोखंड गंजतंय. इन्सुलेशनमधून तांबूस पाणी पाझरतंय याचा अर्थ आतल्या टाकीला छिद्र पडलंय. खात्रीसाठी त्याने पाणी काढून फ्लँज उघडला, तर ॲनोड रॉडच्या जागी नुसती तार शिल्लक होती.

हा रॉड मॅग्नेशियमचा असतो. टाकीच्या लोखंडाऐवजी त्याने आधी झिजावं म्हणून तो मुद्दाम ठेवलेला असतो. अनगोळ, वडगाव, उद्यमबागेकडे ज्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे, त्यांच्याकडे तो लवकर संपतो, कारण पाण्यात क्षार जास्त. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कडकपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे, दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. तुमच्या बोअरचं पाणी तपासणीच्या पट्टीवर ५०० च्या वर दाखवत होतं. राकसकोप जलाशयाचं नळाचं पाणी येणाऱ्या घरात रॉड बराच जास्त टिकतो. दर वर्षी-दोन वर्षांनी तो काढून बघावा, हे गिझर बसवताना गिऱ्हाइकाला कुणी सांगतच नाही, आणि मला याची खरंच चीड येते.

टाकीला वेल्डिंग का नाही केलं, असंही तुम्ही विचारलंय. आतून काचेसारखा एनॅमलचा थर असतो. बाहेरून वेल्डिंगची ज्योत लागली की आतला थर तडकतो आणि गंज नव्या जागी सुरू होतो. पैसे घेऊन ते काम करणारे शहरात आहेत, आम्ही करत नाही.

आता त्या प्लगचं. आजोबांच्या काळचा तांब्याचा बंब वरून उघडा असायचा, कितीही जाळ घातला तरी दाब धरायचा नाही. गिझर बंद भांडं आहे. व्हॉल्व्हचं तोंड बंद केल्यावर तो फुगवटा आता टाकी ताणतोय, आणि तुमची टाकी आधीच गंजून पातळ झालीय. त्यात कधी थर्मोस्टॅट (पाणी तापलं की वीज बंद करणारा) चिकटला आणि त्याच्यामागचा राखीव बचाव असलेल्या कटआउटनेही दगा दिला, तर पाणी शंभर अंशांच्या वर जाईल. अशी टाकी फुटली की त्यातलं काही पाणी क्षणात वाफ होतं आणि वाफेला पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा लागते. खालचं तांबूस पाणी सध्या दिसत नसेल, तर ते इन्सुलेशनमध्ये मुरत असेल.

आमच्या मुलाला ‘धड मराठी येत नाही’ असंही तुम्ही लिहिलंय. तो बैलहोंगलकडचा आहे, मराठी मोडकी बोलतो. पण त्याने जॉबकार्डवर लिहिलेलं सगळं खरं आहे, आणि त्याची एक प्रत तुमच्याकडे दिलेली आहे.

३५० रुपये परत करणार नाही, ते पाहणीचे आहेत आणि फोनवर आधी सांगितले होते. प्लग काढून व्हॉल्व्ह मोकळा करायला आमचीच माणसं हवीत असं नाही, तुमच्या प्लंबरला हे उत्तर वाचून दाखवा. जुना व्हॉल्व्ह खराब झाला असेल तर नवीन कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. मात्र नवा गिझर घेण्याआधी वॉरंटी कार्ड शोधा. बऱ्याच कंपन्या आतल्या टाकीची वॉरंटी वेगळी देतात, पाच-सात वर्षांची, आणि मशीनची मुदत संपली तरी ती चालू असू शकते. बिल सापडलं नाही तर गिझरच्या अंगावरच्या प्लेटवरचा सिरीयल नंबर कंपनीच्या कस्टमर केअरला सांगा. काही कंपन्या वर्षातून एकदा ॲनोड तपासल्याची नोंद मागतात, तेव्हा आमचं जॉबकार्ड फेकू नका.

— दुकानमालक, टिळकवाडी, बेळगाव