कॅप्टनसाहेब आणि विमानात टाकलेला रुमाल

फौजेतला अधिकारी धंद्यात यशस्वी झाला की आपल्याकडे लगेच 'शेवटी मिलिटरीची शिस्त!' असं म्हणायची पद्धत आहे. एअर डेक्कन ही स्वस्त विमानकंपनी काढणाऱ्या कॅप्टन गोपीनाथांबद्दलही हेच ऐकतो. मला ते अजिबात पटत नाही.

एअर डेक्कनमध्ये शिस्त? तिथे सीट नंबरच नसायचे. माझे सासरे आयुष्यात पहिल्यांदा विमानात चढले ते याच कंपनीच्या. आत शिरल्या शिरल्या त्यांनी खिडकीपाशी रुमाल टाकला, एसटीत टाकतात तसा, आणि मग मागे वळून सासूबाईंना हाक मारली. पाण्याची बाटली विकत घ्यावी लागते म्हटल्यावर पिशवीतला तांब्या काढला.

फौजेने गोपीनाथांना दिलं ते वेगळंच, असं माझं मत. हासन जिल्ह्यातल्या गोरूरच्या मास्तरांचा हा मुलगा. बिजापूरची सैनिक शाळा, मग आपल्या खडकवासल्याची एनडीए, १९७१ चं युद्ध. आठेक वर्षांत राजीनामा. अधिकाऱ्याला पेन्शन बसायला २० वर्षं लागतात, म्हणजे हा माणूस जवळपास मोकळ्या हातानेच घरी आला. वडिलोपार्जित जमीन हेमावती धरणात गेलेली, बदल्यात मिळालं ते माळरान. तिथे तंबू ठोकून राहिले! नोकरी सोडलेला दुसरा कुणी आधी भाड्याची खोली बघेल आणि चार लोक काय म्हणतील याचा घोर लावून घेईल. यांना तंबूची लाजच नव्हती. गाई, कोंबड्या, मोटरसायकलची एजन्सी, उडुपी हॉटेल, काय वाट्टेल ते केलं. रेशीमशेतीने १९९६ मध्ये रोलेक्स पुरस्कार मिळवून दिला. १९९७ मध्ये फौजेतल्याच दोस्ताबरोबर हेलिकॉप्टर कंपनी, २००३ मध्ये एअर डेक्कन. एक रुपयात तिकीट, आणि जाहिरातीला आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन.

पण खटकतं ते इथेच. आघाडी वाढवत नेली आणि रसद मागे राहिली. विमानं वाढली, शहरं वाढली, तोटाही वाढला. २००७ मध्ये किंगफिशरवाल्या विजय मल्ल्यांना २६ टक्के हिस्सा विकावा लागला, पुढच्या वर्षी कंपनीच किंगफिशरमध्ये विरली. नंतर मालवाहतुकीच्या डेक्कन ३६० चंही तेच झालं. अहो, रसदीचं गणित फौजीला आम्ही सांगायचं?

पुढे सासरे किंगफिशर रेडने, म्हणजे एअर डेक्कनच्याच नव्या अवताराने, गेले. परत आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न: "तो धोतरवाला कुठे गेला रे?"