टोकाला भजी नाहीत

महाराष्ट्रातला माणूस डोंगर चढतो तो वर पिठलं-भाकरी मिळते म्हणून. हे कुणी उघडपणे कबूल करत नाही. विचारलं तर इतिहास, निसर्ग, शुद्ध हवा असं काहीबाही सांगतो. पण सिंहगडावरची कांदाभजी आणि मडक्यातलं दही उद्या बंद करून बघा. परवा गडावर चिटपाखरू दिसणार नाही. महाबळेश्वरचे पॉइंट आपल्या लक्षात राहतात ते मक्याच्या कणसावरून, आणि समुद्र म्हटला की भेळ नाहीतर शहाळं आलंच. चालणं आणि खाणं यांच्यातला हा करार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. दक्षिण फ्रान्सात तो कुणाच्या गावीही नाही.

आमची लेक आणि जावई एक्स-आं-प्रोव्हान्सला असतात. जावईबापू कादाराशच्या इटर प्रकल्पात इंजिनिअर आहेत. भारतासकट बऱ्याच देशांनी मिळून तिथे सूर्याच्या पोटात चालतं ते काम जमिनीवर करायचं घेतलंय, आणि त्यासाठी यंत्राच्या आत पंधरा कोटी अंशांपर्यंत तापमान न्यायचंय. आठवडाभर असल्या आकड्यांत वावरणाऱ्या माणसाला सुट्टीच्या दिवशी बाहेरचं ऊन जाणवतच नाही. जूनअखेर आम्ही गेलो तेव्हा त्यांनी जवळच्या कासी गावात एक घर भाड्याने घेतलं होतं. "बाबा, तुम्ही फक्त आराम करायचा," असं ते म्हणाले आणि लगेच पिशवीतून माझ्या मापाचे बूट काढले. आरामासाठी बूट लागतात तिथे माणसाने सावध व्हायला हवं.

गाव मात्र देखणं. मार्सेलिसच्या पूर्वेला, डोंगर आणि समुद्राच्या बेचक्यात बसलेलं छोटं बंदर. धक्क्याला रंगीत होड्या, मागे फिकट गुलाबी-पिवळी घरं, डोक्यावर किल्ला. एका बाजूला काप कानाय नावाचा तांबूस कडा 394 मीटरवरून थेट समुद्राकडे कोसळतो. दुसऱ्या बाजूला पांढऱ्या चुनखडीच्या डोंगरात समुद्र चिंचोळ्या फटींतून आत घुसलाय. या फटी म्हणजे कालांक. 2012 साली या सगळ्या पट्ट्याचं राष्ट्रीय उद्यान झालं. धक्क्यावरच्या खुर्चीत कॉफी घेऊन बसलं की यातलं निम्मं तसंच दिसतं. मी हे मत मांडून पाहिलं. लेक म्हणाली, "बाबा, तुम्ही इतक्या लांब खुर्चीत बसायला आलात का?" खरं उत्तर देण्याची ती वेळ नव्हती.

सुरुवात सोपी म्हणून गावातल्या किनाऱ्यापासून झाली. किनारा म्हणजे गोटे. त्यावर अनवाणी चालताना माणूस आपोआप भरतनाट्यम करतो. हिचं माहेर दापोलीचं, त्यामुळे हिने पोचल्या पोचल्या विचारलं, "भरती किती वाजता?" भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळजवळ नसतेच, असं जावयांनी समजावलं. हिने ते जावयाचं बोलणं म्हणून ऐकून घेतलं आणि चपला नेऊन पार वरच्या भिंतीपाशी ठेवल्या. मग दर पंधरा मिनिटांनी पाण्याकडे बघून यायची. पाणी होतं तिथेच. संध्याकाळपर्यंत तिला त्या समुद्राचा रागच आला. "याला काही कामधंदा दिसत नाही," म्हणाली.

आख्ख्या किनाऱ्यावर पूर्ण कपड्यांत आम्ही दोघंच होतो. ती पंजाबी ड्रेसमध्ये, मी दुमडलेल्या पॅंटमध्ये. आजूबाजूला लोक जे करत होते त्यात कपड्यांचा फारसा संबंध येत नव्हता, म्हणून मी क्षितिजाचा सखोल अभ्यास केला. एकही फेरीवाला नाही. शेंगदाणेवाला नाही, घोडा नाही, उंटाची गाडी नाही. लोक वाळत घातल्यासारखे पडून होते.

शेजारच्या बेस्तुआं किनाऱ्यावर मी घोट्यापर्यंत पाण्यात गेलो आणि तितक्याच वेगाने परत आलो. तिथे डोंगराखालून वाहत आलेली गोड्या पाण्याची नदी समुद्रात फुटते, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही पाणी बर्फासारखं. "ही भूगर्भशास्त्रातली फार इंटरेस्टिंग गोष्ट आहे," जावई म्हणाले. माझ्या पायांच्या बोटांना त्यांचं म्हणणं पटलं नाही.

मग आलं मुख्य प्रकरण. "आज आपण आं-व्होला जाऊ. थोडंसंच चालायचंय, बहुतेक सपाटच आहे." जावयाच्या सपाटाची व्याख्या मी त्यांना लग्नाआधी विचारायला हवी होती.

निघताना माणशी दोन लिटर पाणी पाठीवर चढवलं. डोंगरात कुठे नळ नाही, दुकान नाही आणि कचऱ्याचा डबाही नाही. जे न्याल त्यातलं जे उरेल ते सगळं परत आणायचं. हिने आदल्या रात्री तिखटमिठाच्या पुऱ्या लाटल्या होत्या, सोबत लसणाची चटणी आणि दशम्या. या डब्याच्या आधारावरच मी घराबाहेर पडलो, हे नमूद करतो.

पहिली कालांक पोर-मियू. लांबच लांब खाडी, दोन्ही काठांना शिडाच्या होड्या ओळीने बांधलेल्या. काठावर जुनी दगडखाण आहे. इथला पांढरा दगड जहाजांत भरून दूरदूरच्या बंदरांना जायचा. इथवर रस्ता खरोखर सपाट होता आणि मी जावयाबद्दल दोन बरे शब्दही बोललो. दुसरी पोर-पॅं. तिथे पाइनची झाडं अगदी पाण्यापर्यंत वाकलेली, खाली इवलासा किनारा. सावलीत सिकाडा नावाचे किडे असे किरकिरत होते की बोललेलं ऐकू येईना. मला वाटलं, पोचलो. बूट काढले, डब्याचं झाकण उघडलं. "अहो बाबा, आं-व्हो अजून पुढे आहे."

पुढे म्हणजे वर. आणि वर गेल्यावर खाली. त्या खाली जाण्याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय. चुनखडीचा दगड उन्हात पांढराफेक चमकतो, आणि वर्षानुवर्षांच्या बुटांनी तो घासून घासून असा गुळगुळीत झालाय की त्यावर नजरही घसरते. दगडावर लाल-पांढरे पट्टे रंगवलेले असतात. ही वाटेची खूण. एका ठिकाणी पट्टे माझ्या पायांच्या बरोबर खाली, सरळ रेषेत होते. मी बसलो. बसूनच उतरायला लागलो. नवीन पॅंटने हे काम मनापासून केलं. ही मात्र एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात ओढणी धरून टणाटण उतरत होती. कोकणातल्या पाखाड्यांवर वाढलेल्या माणसांशी डोंगरात स्पर्धा करू नये.

तेवढ्यात मागून दोन काठ्यांचा टकटक आवाज आला. ऐंशीच्या घरातल्या एक आजीबाई, डोक्याला रुमाल, पाठीवर एवढीशी पिशवी. "बोंजूर," म्हणाल्या आणि माझ्या बाजूने निघून गेल्या. या डोंगरात येणारा-जाणारा प्रत्येक जण बोंजूर म्हणतो, आणि आपल्यालाही म्हणावं लागतं. सपाटीवर मी ते खणखणीत म्हणत होतो. इथे तोंडातून फक्त "बों" बाहेर पडलं. उरलेलं मी खाली पोचल्यावर म्हटलं, पण आजीबाई तोवर पोहून, अंग पुसून, परत निघाल्या होत्या.

आं-व्होबद्दल खोटं बोलवत नाही. दोन्ही बाजूंना सरळसोट पांढरे कडे, मध्ये पाण्याची अरुंद पट्टी, आणि त्या पाण्याला आधी हिरवा म्हणावं की निळा हे ठरेपर्यंत ते तिसराच रंग दाखवतं. तळाचा दगड न्‌ दगड मोजता येतो. कड्यांवर दोरांना लटकलेले गिर्यारोहक. आपण काही क्षण तरी गुडघे विसरतो. मग मी सवयीने मागे वळून पाहिलं. एक टपरी नाही. चहाचा स्टोव्ह नाही, लिंबू सरबताची हातगाडी नाही, "या काका, गरम भजी" असं म्हणणारं कुणी नाही. एवढा डोंगर तुडवून आलेली शे-दीडशे माणसं, आणि त्यांच्या धंद्याचा विचार करणारा एकही माणूस पुढे येऊ नये? आमच्याकडे या जागी एव्हाना 'हॉटेल सागरदर्शन, शुद्ध शाकाहारी' झालं असतं. उद्यानवाल्यांनी ते होऊ दिलं नाही, आणि म्हणूनच तळाचा दगड मोजता येतो, असं लेक म्हणाली. ती बरोबर होती. पण पोटाला हे कोण सांगणार?

आम्ही डबा उघडला. फ्रेंच मंडळी पावाचा अर्धा दांडका आणि एक टोमॅटो असं जेवत होती. चटणीचा वास कड्यांमध्ये घुमला तशी दोन-चार डोकी वळली. मी पुरीवर चटणी पसरून, गुंडाळी करून तोंडाशी नेली, आणि डाव्या कानाजवळून पांढरं काहीतरी सूं करत गेलं. पुरी गायब. पिवळ्या चोचीचा एक धिप्पाड समुद्रपक्षी समोरच्या खडकावर उतरला. मार्सेलिसकडे यांना गाबियां म्हणतात आणि यांच्या चोऱ्यांचे किस्से घरोघरी आहेत. त्याने पुरी गिळली. मग थांबला. चोच उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग थेट पाण्यावर जाऊन बसला आणि बराच वेळ चोच बुडवत राहिला. "लसूण जरा जास्तच पडलाय का हो?" हिने विचारलं.

आणि मग ती बोट आली.

कासीच्या धक्क्यावरून पर्यटकांना कालांक दाखवायला बोटी सुटतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बोट सावकाश कड्यांमध्ये शिरली. आत बाकांवर माणसं. बसलेली. सावलीत. माझ्या वयाचे एक गृहस्थ आइस्क्रीम खात होते. त्यांनी तोच कडा पाहिला, तेच पाणी पाहिलं, आम्हाला हात केला, आणि बोट वळून निघून गेली. मी जावयांकडे पाहिलं. "बोटीतून उतरू देत नाहीत, बाबा," ते म्हणाले. त्यांच्या दृष्टीने हा बोटीचा दोष होता.

परतीच्या चढाबद्दल काही बोलत नाही.

त्यानंतर मला एक आशेचा किरण सापडला. जून ते सप्टेंबर या डोंगरात वणव्याचा धोका असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी आत जाता येईल की नाही ते आदल्या संध्याकाळी रंगांच्या नकाशावर जाहीर होतं. लाल म्हणजे बंद. धोका मुख्यतः मिस्त्राल वाऱ्यामुळे. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून हा कोरडा वारा खाली सुटला की एक ठिणगीही पुरते. झालं, मी रोज संध्याकाळी गॅलरीत उभा राहून झाडांच्या शेंड्यांकडे डोळे लावायला लागलो. वणवा नको हो, कुणाचं वाईट व्हायला नको. फक्त लाल रंग.

एका संध्याकाळी तो आला. दुसऱ्या दिवशी काप कानायच्या माथ्यावरून ला सिओताला जाणारा रस्ताही वाऱ्यामुळे बंद. ला सिओताला मात्र मला मनापासून जायचं होतं, कारण पेटांक हा लोखंडी गोळ्यांचा खेळ तिथे जन्मला. संधिवाताने बेजार झालेल्या एका खेळाडूला धावता येईना, म्हणून पाय जमिनीला चिकटवून, जागेवरून गोळा टाकायचा खेळ निघाला. असा समंजस खेळ काढणाऱ्या गावाला मी न चालता भेट द्यायला तयार होतो. पण जावई म्हणाले, "मग मार्सेलिस करू."

मार्सेलिसला मराठी माणूस नाही कसं म्हणणार? 8 जुलै 1910 ला सावरकरांनी 'मोरिया' बोटीच्या शौचकूपाच्या खिडकीतून उडी मारली ती याच बंदरात. पोहत धक्का गाठला, फ्रेंच भूमीवर पाय ठेवला, आणि तरीही फ्रेंच पोलिसाने त्यांना इंग्रजांच्या हवाली केलं. प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं आणि 1911 मध्ये निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला. शाळेत हे पाठ केलेलं, पण धक्क्याशी उभं राहून मिस्त्रालने फेसाळलेलं पाणी बघताना मान आपोआप खाली जाते. ही म्हणाली, "आणि तुम्ही घोट्यापर्यंत गेलात तर केवढा आरडाओरडा केलात." मी विषय बदलला. पण बदलून जाणार कुठे? समोर टेकडीवर नोत्र-दाम द ला गार्दचं चर्च, आणि तिथे अर्थातच चढण.

दुपारी लेस्ताकला जायचं ठरलं. जुन्या बंदरातून तिकडे बोट जाते, हे कळल्यावर मी रांगेत पहिला उभा राहिलो. मिस्त्रालमुळे बोट रद्द. ज्या वाऱ्यासाठी मी गॅलरीत उभा राहायचो, त्याने माझाच घात केला. बसने गेलो.

लेस्ताक हे कोळ्यांचं जुनं गाव. चित्रकार सेझानने इथला समुद्र पुन्हा पुन्हा रंगवला. जावई ते सांगत होते, पण माझं लक्ष रस्त्याकडेच्या टपरीकडे गेलं. टपरी! मोठी कढई, उकळतं तेल, समोर रांग. चण्याचं पीठ पाण्यात शिजवून घट्ट करायचं, थापून गार करायचं, चकत्या कापायच्या आणि तळायच्या. नाव पानिस. आपली पाटवडीच, फक्त मोहरी-खोबऱ्याला मुकलेली. कागदाच्या पुड्यात डझनावर मिळते, वर मीठ-मिरी. बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखी. हिने काही न बोलता पर्समधून चटणीची पुडी काढली. टपरीवाल्याने वास घेतला, बोट लावून चाखली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला थांबवून पाणी प्यायला गेला.

"बाबा," जावई समोरच्या डोंगराकडे बोट दाखवून म्हणाले, "इथून कड्याकडेने न्योलॉंपर्यंत फार सुंदर पायवाट आहे. आज बंद असेल, पण वारा पडला की येऊ."

"न्योलॉंला काय मिळतं?"

"समुद्र. एकदम निळा."

"आणि?"

जावई विचारात पडले. मी आणखी एक डझन पानिस मागवले.