दादाच्या दंडावरचा पॅच आणि तो मेसेज

दादाने सिगारेट सोडून अकरा दिवस झाले होते. बाराव्या दिवशी सकाळी त्याने दंडावरचा निकोटिनचा पॅच सोलून काढला. मी विचारलं तर मोबाईल पुढे केला, "हे वाच आधी."

मेसेज असा: 'पॅच, गोळ्या, समुपदेशन हे सगळे कंपन्यांचे धंदे. पॅच म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं धरणं. खरा मर्द एका झटक्यात सोडतो. आणि वीस वर्षं ओढली असेल तर आता सोडून उपयोग नाही.' खाली 'सर्वांना पाठवा'.

'दुसरं व्यसन' वाचून माझं डोकंच फिरलं, कारण पॅच निघाला तो याच वाक्यामुळे. सिगारेटच्या झुरक्यातलं निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचतं, आणि त्या झटक्याचीच चटक लागते. पॅचमधलं निकोटिन कातडीतून तासन्‌तास हळूहळू झिरपतं. झटका नाही, फक्त तलफ बोथट होते. शिवाय माणूस मरतो तो मुख्यतः धुराने. त्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात, त्यातली सुमारे सत्तर कर्करोग करणारी. पॅचमध्ये ना धूर, ना डांबर, ना कार्बन मोनॉक्साइड. दिवसाला दहाच्या वर सिगारेटी ओढणाऱ्याला सहसा २१ मिलिग्रॅमचा देतात, मग १४, मग ७, आणि दोन-तीन महिन्यांत बंद. उतरत्या पायऱ्यांचं हे कसलं व्यसन? निकोटिनचा गम काही जण ठरल्यापेक्षा जास्त दिवस चघळत राहतात, हे मान्य. तरीही ते धूर ओढत नाहीत ना!

'एका झटक्यात' यात अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने कबूल करते. इंग्लंडमध्ये ६९७ जणांवर झालेला एक अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. ठरलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी २२ टक्के सहा महिन्यांनंतरही सिगारेटपासून लांब होते. दोन आठवडे कमी करत करत सोडणाऱ्यांपैकी १५.५ टक्के. मेसेजवाले इथे टाळ्या वाजवतील. पण दोन्ही गटांना निकोटिनचे पॅच दिले होते, आणि नर्सबरोबर नियमित बोलणंही होतं! एका झटक्यात सोडा, जरूर सोडा, पण आधार घेऊन. नुसत्या मनाच्या जोरावर सोडणाऱ्या शंभरातले जेमतेम तीन ते पाच जण वर्षभर टिकतात. बाकीचे नामर्द नव्हते, एकटे होते.

कंपन्या पैसे कमावतात, हो. सिगारेटच्या कंपन्या काय दानधर्म करतात? आणि समुपदेशक तर पॅच विकतही नाही. तलफ नेमकी कधी येते, चहानंतर की भांडणानंतर, आणि त्या पाच मिनिटांत काय करायचं, हे तो तुमच्याबरोबर ठरवतो.

'आता उपयोग नाही' हे तर धादांत खोटं. ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षं मागोवा घेऊन २००४ साली आलेला निष्कर्ष असा: साठीत सोडली तरी सरासरी तीन वर्षं वाढतात, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ.

दादा त्रेचाळीस वर्षांचा आहे. हे सगळं त्याला वाचून दाखवलं. तो काही बोलला नाही. रात्री नवा पॅच काढून त्याने दुसऱ्या दंडावर चिकटवला आणि तळहाताने दाबून धरला. त्या ग्रुपवर उत्तर मीच टाकलं.