गाडी टायर खाऊन राहिली

परवा भर दुपारी एका कार शोरूमच्या एसी लाउंजमध्ये, आठ-दहा अनोळखी लोकांदेखत, माझी डावी चप्पल उलटी करून तपासण्यात आली. अहवाल माझ्या विरोधात गेला.

प्रकरण खरं म्हणजे टायरचं होतं. समोरचे दोन्ही टायर आतल्या कडेनं गोटा, तेही अठरा हजार किलोमीटरमध्ये. बाहेरच्या खाचेत पाच मिलिमीटर नक्षी शिल्लक, आतली खाच जवळजवळ पुसलेली. खाचेच्या तळाशी रबराचे बारके आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजत झिजत त्यांच्या पातळीला आली की १.६ मिलिमीटर उरले असं समजायचं आणि टायरला निरोप द्यायचा. माझे टायर बाहेरून तरुण होते आणि आतून रिटायर झाले होते. हे कळायचा मार्ग एकच. स्टिअरिंग एका टोकाला पूर्ण वळवायचं, खाली उतरायचं, गुडघ्यावर बसायचं आणि चाकाच्या आतल्या कडेला पाहायचं. पंपावर हवा भरणारा पोट्टा, गाडी धुणारा, आणि दर दहा हजाराला भलीमोठी चेकलिस्ट टिक करून देणारी शोरूमची मंडळी, यांपैकी कोणीही आजवर गुडघ्यावर बसलेलं नाही.

सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणजे कडक इस्त्रीतला एक तरुण. त्यानं टॅबवरून नजर न काढता निदान केलं, "सर, ड्रायव्हिंग हॅबिट."

आता माणसाला वाईट सवयी असतात, मलाही आहेत. पण टायर सवयीप्रमाणे वेगवेगळी तक्रार करतो. वळणं जोरात घेणाऱ्याचा टायर बाहेरच्या खांद्यानं झिजतो. हवा कमी ठेवणाऱ्याचा दोन्ही खांद्यांनी. ‘पाच पाउंड जास्तच भर बे’ म्हणणाऱ्याचा मधोमध. शॉकअप मेले असतील तर टायरवर ठिकठिकाणी खळगे पडतात आणि गाडी साठच्या पुढं भुंग्यासारखी गुणगुणते. दोन्ही टायर फक्त आतल्या कडेनं, तेही सारखेच खाल्ले जावेत, अशी सवय मला मुद्दाम शिकवणी लावूनही जमली नसती.

"पण अलाइनमेंट तर तुमच्याकडेच दोनदा केली या वर्षात," मी म्हणालो.

"हो सर, रिपोर्ट ओके आहे," असं म्हणून त्यानं कागद दिला. रंगीत, छान. डावीकडे ‘आधी’, उजवीकडे ‘नंतर’. ‘नंतर’खाली सगळं हिरवं. फक्त वरच्या कोपऱ्यात मॉडेलच्या जागी त्याच कंपनीची सेडान छापलेली होती. माझी हॅचबॅक आहे. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, आणि प्रत्येक मॉडेलचे टो आणि कॅम्बरचे, म्हणजे चाक वरून पाहता किती वळलंय आणि समोरून पाहता किती कललंय याचे, आकडे वेगळे असतात. मशीनला गाडी चुकीची सांगितली तर ती चुकीच्या आकड्यांनाच हिरवा रंग फासते. दुसऱ्याची पत्रिका मांडून माझं लग्न जुळवल्यासारखं झालं हे. हे मी बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, "सर, सिस्टीम ऑटोमॅटिक घेते." आणि मला लाउंजमध्ये बसवून गेला.

तिथं काका होते.

पांढरा बुशशर्ट, डोक्याला गुंडाळलेला दुपट्टा, शेजारी दोन लिटरची बाटली आणि खिशातून डोकावणारा कांदा. नागपूरच्या मे महिन्यात खिशात कांदा असणं वेडेपणाचं लक्षण नाही, जबाबदार नागरिकाचं आहे. मी विचारलं, "काका, तुमची गाडी कोणती?"

"गाडी? मले गाडी नाही." मग बाजूच्या गल्लीकडे हात करून, "घरचा कूलर दमट हवा फेकते. इथं बारा ते पाच मस्त राह्यते. चाय बी देतात. दोनदा."

काका एसटीच्या हिंगण्याच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. चौतीस वर्षं लाल डब्याखाली काढलेली. आता शोरूमच्या लाउंजमध्ये बसून येणाऱ्या-जाणाऱ्याचं दुखणं विनामूल्य ऐकणं हा त्यांचा उन्हाळी उपक्रम. त्यांनी माझा कागद हातात घेतला, डोळ्यांपासून लांब धरला, आणि त्यानंच वारा घ्यायला सुरुवात केली.

"टायरले हात लावून पाह्यला का?"

"कोणी?"

"कोनीबी."

मी आठवून पाहिलं. या शोरूममध्ये माझ्या टायरला लेझर लागला, कॅमेरा लागला, चमचमणारे बोर्ड अडकवले गेले. हात कोणाचाच लागला नव्हता.

"चाला," म्हणून काका उठले. ‘ग्राहकांना प्रवेश नाही’ या पाटीखालून ते असे गेले, जसा सातबाऱ्यावर त्यांचाच फेरफार झाला आहे. गाडी लिफ्टवर छातीइतकी उचललेली होती. त्यांनी माझा तळवा धरून टायरवर ठेवला. "बाहीरून आत न्या."

"खरखरतंय. करवतीसारखं."

"आता आतून बाहीर."

"गुळगुळीत."

"मंग! टो आउट हाय. चाकं समोरून फाकली हायेत. याले कम्प्युटर कायले पाह्यजे बाप्पा?"

हे खरं आहे, आणि कोणीही घरच्या पार्किंगमध्ये करून पाहावं. टो म्हणजे वरून पाहिलं तर पुढच्या चाकांचे पंजे एकमेकांकडे वळलेत की बाहेर फाकलेत. आत वळलेले असतील तर बाहेरची कड खाल्ली जाते आणि हात आतून बाहेर नेताना टोचतं. फाकलेले असतील तर उलट. दोष अंशाच्या पावाएवढा असला तरी चाक दर किलोमीटरला हिशेबानं साडेचार मीटरच्या आसपास आडवं घासत जातं. समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर संपेस्तोवर तीन किलोमीटर आडवे. एवढं आडवं चालणारा माणूस रस्त्यात दिसला तर पोलीस फुंकायला लावतात.

काका एवढ्यावर थांबणारे नव्हते. त्यांनी चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी दोन्ही हातांनी धरलं आणि हिसका दिला. ‘टक्’. पुन्हा दिला. ‘टक्’. मग बारा आणि सहाच्या जागी धरून हलवलं. आवाज नाही. "बॉल जॉइंट आन् बेअरिंग बरोबर. टाय रॉड एंड ढिला हाय. इथं आधीच खेळ हाय, तं मशीनवर लावलेला टो रोडवर थोडीच टिकते? खुट्टाच हलून राहिला आन् हे बैल बांधून राहिले."

टाय रॉड एंड म्हणजे स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा, आणि तोच ढिला. म्हणजे दोन्ही अलाइनमेंटचे पैसे पाण्यात. कारण क्रम उलटा झाला होता. आधी चारही टायरांत थंड असताना हवा बरोबर करायची (मे महिन्यात दुपारी तापलेल्या टायरात मोजलेली हवा चार-पाच पाउंड जास्त दाखवते, ती सोडली की सकाळी टायर कमी हवेवर), मग चाक धरणारे सांधे, म्हणजे टाय रॉड एंड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बूश, हलवून पाहायचे, खराब ते बदलायचे, आणि मगच मशीन. मशीनवरही स्टिअरिंग सरळ करून क्लॅम्पनं बांधायचं, मागच्या चाकांचं मोजमाप आधी घ्यायचं, मग पुढचा टो टाय रॉडचे लॉक नट सैल करून बसवायचा. दोन्हीकडे सारखं फिरवावं लागतं. एकाच बाजूनं सगळं काम उरकलं, तर टो बसतो आणि सरळ रस्त्यावर स्टिअरिंग मात्र वाकडं राहतं. माझं सहा महिन्यांपासून तसंच आहे. ‘हे नॉर्मल आहे सर’ हेही मला याच इमारतीत सांगितलं गेलं होतं.

तेवढ्यात ॲडव्हायझर धावत आला. "काका, इथं येऊ नका म्हटलं ना! आणि सर, चालवण्यावर पण असतं हो."

मला वाटलं आता काका माझी बाजू घेतील. काकांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. आम्हाला पुन्हा लाउंजमध्ये आणलं गेलं, आणि तिथं, एसीच्या बरोबर खाली, ते म्हणाले, "चप्पल काढा."

"का?"

"काढा तं."

मी काढली. मी का काढली हे मला अजून कळलेलं नाही. काकांनी ती उलटी करून सर्वांना दिसेल अशी धरली. "हे पाहा. टाच बाहीरून खाल्ली. पाय फाकवून चालते मानूस. पॉझिटिव्ह कॅम्बर. गाडी आतून खाते, मालक बाहीरून खाते." मग ॲडव्हायझरकडे वळून, अत्यंत निःपक्षपातीपणे, "पन चप्पलेचा आन् टायरचा संबंध नाही, हे बी लिहून घे."

त्यानं ते लिहून घेतलं नाही. तो हसला. सोफ्यावरच्या एक वहिनी हसल्या. एका गृहस्थानं गुपचूप स्वतःचा बूट वळवून पाहिला. मी एका पायावर उभा होतो आणि चहा आला.

यापुढचं विनोदी नाही. टाय रॉड एंड बदलला, त्याचे पैसे. बदलल्यावर अलाइनमेंट पुन्हा करावीच लागते, त्याचे पैसे. बॅलन्सिंगही बिलात लावलं होतं, रिमला ठोकायच्या शिशाच्या तुकड्यांचे ग्रॅमवर वेगळे. बॅलन्सिंगचा या झिजेशी संबंध नाही. ते ऐंशी-शंभरच्या वेगात स्टिअरिंग थरथरतं त्यासाठी असतं. ते मी काढायला लावलं. मागच्या चाकांचा एक आकडा तेव्हाही लाल होता. लहान गाड्यांचा मागचा ॲक्सल बहुधा एकसंध असतो, त्याला फिरवायला नटच नसतो. लाल फारच असेल तर ॲक्सल वाकला आहे का ते पाहायचं. हे मला कोणी सांगितलं नाही, "मागचं होत नाही" एवढंच सांगितलं.

आणि टायर? गाडीचा डीलर म्हणतो, टायरची वॉरंटी टायर कंपनीची, आमची नाही. टायरचा डीलर कडेवरचे चार आकडे वाचतो (२३२२ असेल तर २०२२ सालचा तेविसावा आठवडा), खोली मोजतो, फॉर्म भरतो आणि म्हणतो, हा दोष टायरचा नाही, गाडीचा. बनावटीचा दोष निघाला तर उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात भरपाई मिळते. अलाइनमेंटनं खाल्लेल्या टायराला शून्य. गाडीचा डीलर म्हणतो, अलाइनमेंट वॉरंटीत नाही, रोड खराब आहेत. म्हणजे दोष शेवटी रस्त्याचा. आमच्याकडे सिमेंट रोड वीतभर उंच आणि बाजूचे गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक, खाली. समोरून ई-रिक्षा आली की एक चाक खाली उतरवावंच लागतं, आणि परत चढवताना टाय रॉडला बसणारा तो दणका कुठल्याच जॉबकार्डावर येत नाही. पण माझी तक्रार खड्ड्याविरुद्ध नाहीच. खड्डा निदान खोटा हिरवा रंग दाखवत नाही.

यातून एवढंच केलं की, बिल देण्याआधी नवीन कागदावर मॉडेल, गाडीचा नंबर, तारीख आणि ‘आधी’चे आकडे वाचले. ‘आधी’ आणि ‘नंतर’ अगदी तंतोतंत सारखे असले तर कोणी काहीच फिरवलेलं नाही असं समजावं. या वेळी वेगळे होते. मग ॲडव्हायझरला शेजारी बसवून वर्धा रोडवर सपाट जागी चाचणी घेतली. स्टिअरिंग सरळ. हात सैल सोडला तर गाडी हळूच डावीकडे जाते, पण रस्त्याला पाणी वाहून जायला उतार दिलेला असतो, तेवढं माफ.

काल शोरूममधून फोन आला. गोड आवाज. "सर, आमच्या सर्व्हिसला दहापैकी किती देणार?"

"सहा."

"सर, नऊच्या खाली दिले तर ते आमच्याकडे शून्यच धरतात."

"मग शून्य धरा."

थोडी शांतता. मग कीबोर्डचा आवाज. "ठीक आहे सर. आपली गाडी सेडानच ना?"