"वयोमानानुसार" म्हणून फाईल बंद करू नका

आज एका आजींची फाईल हातात आली आणि डोकंच फिरलं. चार ईसीजी, एक एंडोस्कोपी, सगळं नॉर्मल. तक्रारी: धडधड, पोटात गोळा, झोप नाही. शेरा: "वयोमानानुसार". आणि वर्षभर रोज रात्री क्लोनाझेपाम, म्हणजे झोपेची गोळी!

अहो, "मला उदास वाटतं" असं आजी म्हणणारच नाहीत. आधी नुसती धास्ती होती, पडले तर काय, मुलगा अजून कसा आला नाही. पडायच्या भीतीने बाहेर जाणं थांबलं, मग मैत्रिणी सुटल्या, जेवण निम्म्यावर आलं, पहाटे तीनला जाग येऊ लागली. चिंतेच्या मागोमाग नैराश्य येतं ते असं, एकेक गोष्ट काढून घेत. दोन्ही एकत्र असली की औषधाला दाद उशिरा मिळते आणि आत्महत्येचे विचारही जास्त येतात.

थायरॉईड, हिमोग्लोबिन, बी-१२, साखर, सोडियम आधी तपासा. दम्याच्या पंपाने, स्टेरॉइडनेही धडधड होते. मग ज्येष्ठांमधलं नैराश्य ओळखायची १५ प्रश्नांची जीडीएस प्रश्नावली घ्या. ५ च्या वर गुण आले तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. आजींना हे प्रश्न कुणी विचारलेच नव्हते, याचाच संताप येतो.

हो, एखाद्या वाईट आठवड्यात झोपेची गोळी लागते, मान्य. पण वर्षभर? रात्री लघवीला उठताना तोल जातो, खुबा मोडतो, विसरायला होतं. आणि हे वाचून ती एकदम बंदही करू नका, आकडीचे झटके येऊ शकतात. डॉक्टरांकडून हळूहळू कमी करून घ्या.

एस्सिटॅलोप्रामसारखं नैराश्य-चिंतेवरचं औषध या वयात निम्म्या डोसने सुरू करतात. पहिल्या आठवड्यात अस्वस्थता उलट वाढू शकते. हे आधी सांगितलं नाही तर घरचे तिसऱ्या दिवशीच गोळी थांबवतात. या औषधाने सोडियम उतरू शकतं, म्हणून २ ते ४ आठवड्यांत ते पुन्हा तपासायचं. ते उतरलं की चक्कर येते, गोंधळ होतो, आणि परत वयावरच खापर. नीट फरक पडायला ६ ते ८ आठवडे जातात, कधी १२.

घरच्यांवर राग नाही माझा. आजींची सून रोज गोळ्या मोजून देते, बिचारी थकून गेली आहे. तिने फक्त "काळजी करू नका" म्हणण्याऐवजी ठरल्या वेळी त्यांना दहा मिनिटं चालायला न्यावं. आणि "जगणं नकोसं वाटतं का?" हे थेट विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर "हो" आलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, गोळ्यांचा डबा कुलपात ठेवायचा आणि त्यांना एकटं सोडायचं नाही.