एका अक्षरात ठाणेकर

ठाण्यात किंवा नवी मुंबईत फ्लॅट घेतलात? अभिनंदन. हप्ते वीस वर्षं चालतील, पण अस्सल स्थानिक मात्र आज संध्याकाळपर्यंत होता येईल. एक ‘ळ’ आणि थोडा आगाऊपणा पुरे.

सुरुवात ठाण्यापासून करा. परदेशी क्लायंट ‘थेन’ म्हणाला तर माफ करा. स्कॉटलंडात जुन्या सरदारांना थेन म्हणत, स्पेलिंगही हेच. ऑफिसातला कुणी ‘थाने’ म्हणाला तर मात्र सोडू नका. ठाण्याच्या जुन्या नावापासून, शिलाहार राजांच्या ‘श्रीस्थानका’पासून चालू व्हा, त्याचा डबा गार होईपर्यंत.

खरी परीक्षा रिक्षात. रिक्षावाला म्हणेल ‘वाघबिल’. तुम्ही खेकसायचं, बिल कसलं, वाघबीळ! (वाघ बिळात कधीपासून राहायला लागला, हे तो विचारण्याआधी उतरून घ्या.) ‘कलवा’, ‘बालकुम’, ‘कलंबोली’ ऐकू येतील तिथे ठेचा. ‘तलावपाली’ म्हणणाऱ्याला विचारा, पाल चावली का?

मग विभक्ती. ‘ठाणेमध्ये’, ‘तुर्भेला’, ‘कोपरखैरणेहून’ म्हणणारा उपरा. आपण ठाण्यात राहायचं, तुर्भ्याला उतरायचं, कोपरखैरण्याहून परतायचं. बिचारा नवखा इंडिकेटरवर ‘तुर्भ्या’ शोधत बसेल. बसू द्या. आपलं मूळ गाव सांगली की सावंतवाडी, हे विचारायला त्याला सवड मिळता कामा नये.

एक पथ्य तेवढं पाळा, मासळीबाजारात तोंड बंद. गेल्या रविवारी मी ऐरोलीत एका मावशींना विचारलं, कुठल्या तुम्ही?

“रबाल्याची.”

माझ्यातला ळ उसळला. “मावशी, रबाळ्याची म्हणा. शेजारचं काय, घनसोली?”

“हां, घनसोली.”

आता आली का पंचाईत! आगरी बोलीत ळचा ल होतो आणि णचा न, पिढ्यान्‌पिढ्या. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको आली, आगरी-कोळ्यांच्या भातशेतीवर सेक्टर उभे राहिले, आणि त्यातल्या एका सेक्टरात सातव्या मजल्यावर राहणारा मी त्यांना त्यांच्याच गावाचं नाव शिकवत होतो. मावशींनी माझ्याकडे शिळ्या बोंबलाकडे बघावं तसं बघितलं.

“कोलंबी देऊ, दादा?”

“द्या,” म्हटलं. “कोलंबीच द्या.”

तरी वाट्यात चार कमीच भरल्या.