मोजे घ्यायला मोबाईल नंबर कशाला लागतो?

काल कॉलेज रोडला मुलासाठी शाळेचे मोजे घ्यायला गेले. दोन जोड, १८० रुपये. रोख पैसे हातात धरून उभी, तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "मॅडम, नंबर सांगा." कशाला? "नंबर टाकल्याशिवाय बिलच निघत नाही." मागे रांगेत सात-आठ अनोळखी माणसं, आणि बाईमाणसाने तिथे आपला नंबर खणखणीत आवाजात सांगायचा! मी नाही म्हटलं तर मागच्या काकू माझ्यावरच वैतागल्या, "द्या ना हो, किती खोळंबा!"

मे २०२३ मध्येच केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना बजावलंय की बिलासाठी नंबरची सक्ती करायची नाही. तरी प्रत्येक दुकानात हेच. मग रात्री नऊला कर्जवाल्यांचे फोन येतात, तेव्हा कपाळाला हात लावायचा.

सगळ्यात डोकं फिरतं ते घरच्यांच्या वाक्याने. "आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?" अरे, आंघोळीला जाताना दाराला कडी लावतो, ती काय चोरी करायला? २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आणि आमच्याकडे तो मागितला की बाई भांडकुदळ!

आज तर कहरच झाला. झेरॉक्सच्या दुकानात आधारची प्रिंट हवी होती. "व्हॉट्सॲप करा." केलं. त्याने डाउनलोडचं फोल्डर उघडलं आणि माझ्या डोळ्यांसमोर गल्लीतल्या लोकांची आधार कार्डं, पॅन कार्डं, कुणाचं बँकेचं पासबुक, एका मुलीचा फोटोसकट बायोडेटा. महिनोन्‌महिने तसंच पडलेलं. कुणीही यावं, पेनड्राइव्ह लावावा, घेऊन जावं. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार मिळतं, ते पाठवायचं मलाही सुचलं नाही, याचा राग वेगळाच.

म्हटलं, "दादा, माझं आत्ता डिलीट करा." "करतो ताई संध्याकाळी, गिऱ्हाईक आहे." मी हललेच नाही. रिसायकल बिन रिकामं करायला लावलं, व्हॉट्सॲपमधूनही काढायला लावलं, मगच दहा रुपये दिले.

बाकीच्यांची कार्डं अजून तिथेच आहेत.